पुसलेली रेघ

२ जुलै, बुधवार

लोणावळ्याच्या समुपदेशक बाईंनी सांगितलंय की रोज संध्याकाळी वही उघडायची, आज कशाची भीती वाटली ते लिहायचं आणि तिला दहापैकी गुण द्यायचे. आठ दिवसांनी मागे जाऊन बघायचं, त्यातलं घडलं किती. म्हणे काहीच घडलेलं नसतं, आणि मग मनालाच कळायला लागतं. बघू. मी समीक्षा, वय एकोणतीस. पाल, वीज, सरांचा फोन आणि स्वतःच्या छातीतली धडधड, या सगळ्यांना घाबरते. भोकरवाडीत मला लहानपणापासून भित्री भागूबाई म्हणतात, आणि ते खोटं नाही.

आजची भीती राजेंद्र सर. सात गुण. सरांचा लोणावळ्यात छोटा स्टुडिओ आहे, मी तिथे प्रोग्रॅम लिहिते. एका नव्या हॉटेलच्या लॉबीत वीस फुटी पडद्यावर डोंगर दाखवायचाय, पण फोटोसारखा नाही. जुने चिनी चित्रकार काढायचे तसा, काळ्या शाईने, आणि धुक्याच्या जागी काहीच नाही, नुसता कोरा कागद सोडलेला. तो कॉम्प्युटरने काढायचा आणि धुकं हलतं ठेवायचं. पंधरा ऑगस्टला उद्घाटन. हे जमलं नाही तर स्टुडिओत पुढचा नंबर माझा, हे सरांनी गोड बोलून सांगितलंय.

डोंगर मीच निवडला, आत्याच्या घरामागचा. टाकव्याच्या आकाशने फेब्रुवारीत त्यावर ड्रोन फिरवून सगळा उंचसखलपणा मोजून दिला होता. हॉटेलवाल्यांना खाचरं पाण्याने भरलेली हवी होती, म्हणून जूनअखेरीला दोन दिवस उघडीप मिळाली तेव्हा परत मोजला. मी आत्याकडेच राहते. आंदर मावळात, अकरा घरांच्या वाडीत, रेंज फक्त ओट्याच्या कोपऱ्यात. सोमवारी तेवढं लोणावळ्याला जाते.

४ जुलै

प्रोग्रॅम चित्र कसं काढतो हे आत्याला समजावताना मलाच जरा नीट कळलं. ते चित्रकार डोंगराची जात बघून फटकारे बदलायचे. मऊ मातीचा उतार असला की लांब, सैल रेघा, अंबाडीचे तंतू सोलून वाळत घातल्यासारख्या. कातळ असला किंवा जमीन एकदम तुटली असली की कुऱ्हाडीने ढलपे काढल्यासारखे घाव. माझा प्रोग्रॅम मापं बघतो आणि आपलं आपण ठरवतो, इथे अंबाडी, इथे कुऱ्हाड.

आत्या म्हणाली, "म्हंजी शाना हाय की तुजा परगराम. तुज्यापरीस."

जूनच्या मापांवर आज अख्खा डोंगर पहिल्यांदा काढला. सुरेख आला, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. फक्त वाघजाई देवीच्या राईखाली, घरांच्या वर, जिथे नुसतं गवत आहे आणि सगळी अंबाडीच यायला हवी, तिथे मध्येच कुऱ्हाडीच्या घावांची एक आडवी ओळ आली. या ओढ्यापासून त्या ओढ्यापर्यंत. फेब्रुवारीच्या चित्रात ती नव्हती. मापं चौकोनी तुकड्यांत येतात आणि दोन तुकड्यांचा सांधा नेमका तिथूनच जातो. म्हणजे सांधा बसलेला नाही. आकाशला फोन केला तर म्हणाला, "ताई, ढगात उडवला होता, झालं असंल मागंपुढं."

भीती: हा सांधा सरांना दिसणार. आठ गुण.

७ जुलै, सोमवार

दिसलाच. "समीक्षा, हा ओरखडा कसला? हॉटेलमालकांच्या मिसेस म्हणाल्या, पडदा तडकलाय का."

सरांच्या समोर बसूनच सांध्याच्या दोन्ही बाजूंची वीस-वीस मीटर जमीन गुळगुळीत करणारा प्रोग्रॅमचा तुकडा लिहिला. पाच मिनिटांचं काम. रेघ गेली, अंबाडी अशी सलग उतरली की सर "वा" म्हणाले. हा माणूस वर्षातून दोनदा वा म्हणतो. आजची भीती दोन गुण. ती पण परत येताना फाट्यावर जीप मिळेल का याची.

घरी आले तर आत्या मागच्या कवाडाशी झटत होती. चौकटीत बसतच नाही. पावसाने लाकूड फुगलं असणार. खालून पटाशीने तासून दिलं.

९ जुलै

सरांना चित्रात एक माणूस हवाय. त्या जुन्या चित्रांत असतोच म्हणे, एवढ्या मोठ्या डोंगरात मुंगीएवढा एकच माणूस. माझ्या डोक्यात लगेच रखमाजी आबा आले. आबा वाघजाईचं सगळं बघतात. सत्तरी ओलांडली तरी पाठीवर बांबू-पानांचं पावसाचं इरलं, हातात काठी, आणि पायवाटेने असे चढतात की आपल्याला लाज वाटावी. उन्हाळ्यात आकाशने त्यांचं चालणं मोबाईलवर घेतलं होतं, त्यावरून बारा फटकाऱ्यांचा माणूस केला. खालून वाटेला लागतो, चढत चढत राईपाशी जातो आणि धुक्यात शिरून दिसेनासा होतो. चार मिनिटांनी परत खाली.

आबांना लॅपटॉपवर दाखवलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आगं, पर ह्यो आत्ता वर कसा गेला? पान्यात दाखवलायस न्हवं? मिरग लागल्याव राई बंद आस्ती." मृग लागला की दसऱ्याच्या नारळापर्यंत राईत आणि तिच्याखालच्या गवतात वाडीतलं कुणी पाऊल टाकत नाही, गुरं पण नाही. ते देवीचे निजायचे दिवस. मी म्हटलं, "आबा, चित्र आहे." तर म्हणाले, "चित्रात का आसंना, मानूस मीच हाय की." मग स्वतःच हसले. परवानगी मिळाली असं मी धरलं.

१२ जुलै, शनिवार

प्यायच्या पाण्याच्या झिऱ्याला चार दिवस लाल पाणी येतंय. आत्या दोनदा वस्त्रगाळ करते, तरी हंड्याच्या तळाला गाळ बसतो. मागचं कवाड परत अडतंय, आता वरून.

आत्या कशालाच घाबरत नाही. मी लहानपणी अंधाराला भ्यायले की ती मला हाताला धरून त्याच कोपऱ्यात नेऊन उभी करायची आणि म्हणायची, "भ्या वाटलं की नीट बगायचं." तीच आत्या आज चहा पिताना हळूच म्हणाली, "समे, पाटं डोंगूर कन्हतो गं." कण्हतो म्हणजे कसा, तर जड पेटी ओढल्यावानी. गोठ्यातली म्हैस पण दोन दिवस मागच्या भिंतीला पाठ लावून बसत नाही, दाराकडे तोंड करून उभी असते.

मी पण दाराकडे सरकले. पण मग बाईंचं आठवलं, भीती वेगळी आणि वस्तुस्थिती वेगळी. आत्याला तिचंच वाक्य ऐकवलं, भ्या वाटलं की नीट बघायचं. लोणावळ्याहून डोंगराचं चित्र चांगल्या कागदावर छापून आणलं होतं, तिला राखीला द्यायचं होतं, ते आजच दिलं. म्हटलं, "बघ. अख्खा डोंगर वीतवीत मोजून काढलाय. आहे का कुठे काही?" तिने चष्मा लावून बोट फिरवत सगळा बघितला. कुठे काही नव्हतं. तिला बरं वाटलं, दाराशेजारी खिळा ठोकून लावलं. संध्याकाळपर्यंत निम्मी वाडी येऊन बघून गेली आणि ज्याने त्याने आपापलं घर शोधलं.

भीती: डोंगर कण्हतो. चार गुण.

१४ जुलै, सोमवार

बाईंनी वही बघितली. बारा दिवसांतल्या एकूण चौदा भीत्या, त्यातली एकही घडली नाही, असं त्यांनी मला मोठ्याने म्हणायला लावलं. सरांना दिसलेला सांधा धरला नाही, कारण तो पुसल्यावर काही बिघडलं नाही. प्रत्येकीपुढे हिरव्या पेनने बरोबरची खूण केली. डोंगराच्या पुढेही केली. जीपमध्ये मला इतकं हलकं वाटलं की शेजारच्या म्हातारीला लिमलेटची गोळी दिली.

१७ जुलै

घाईत लिहितेय, अक्षर लागलं तर लागलं.

हॉटेलचा पडदा वीस फुटांऐवजी अठ्ठावीस फुटी केला. चित्र रुंद करायला मापांचे तुकडे सगळे नव्याने पाडावे लागले. आता एकही सांधा राईखालून जात नाही. गुळगुळीत करणारा माझा तुकडा जुन्या सांध्यावर होता, तो अर्थात काढला. प्रोग्रॅम चालवला.

रेघ आहे. तिथेच.

सांधा तिथून दोनशे मीटर लांब गेला आणि रेघ हलली नाही. म्हणजे ती सांध्याची कधीच नव्हती. मग फेब्रुवारीची मापं जूनच्या मापांतून वजा केली. हे मला चार तारखेलाच करता आलं असतं, दहा मिनिटं लागली असती. रेघेच्या वर फरक नाही. रेघेच्या खाली सगळी जमीन हातभर खचलीये. अख्खा उतार. आपल्या घरांपर्यंत. आणि हे जूनमधलं, त्यानंतर तीन आठवडे पाऊस पडतोय.

कवाड. झिरा. म्हैस. सगळं याच वहीत लिहिलंय मी, माझ्याच अक्षरात, आणि त्याला गुण दिलेत चार.

आकाशला सांगितलं. तो तालुक्याला फोन लावतोय.

१८ जुलै, शुक्रवार

तालुक्याहून सांगणं आलं की भूगर्भाचे लोक सोमवारी येतील, तोवर माणसं टाकव्याच्या शाळेत हलवा. सांगणं सोपं. लावणी अर्धी राहिलीये, कोण हलणार. सगळे आत्याच्या ओट्यावर जमले. मी बोलायला लागले तर मागून कुणीतरी म्हणालं, "भागूबाईला आज काय दिसलं?" हसू आलं लोकांना. त्यांचंही काय चुकलं, मी त्यांना एकोणतीस वर्षं हेच दाखवलंय.

आबा हसले नाहीत. त्यांनी दाराशेजारच्या चित्राकडे काठी केली. "ह्यात तर काय न्हाई, समे. मोजून काढलाय म्हनलीस. आमी समद्यांनी बगितलं."

मला पळून जावंसं वाटलं. "आबा, रेघ होती. मी पुसली."

"पुसली?"

"सरांना नको होती. आणि मला वाटलं, मोजण्यात चूक झालीये."

आत्या म्हणाली, "मी तुला इचारलं तवा बी पुसल्यालंच दावलंस?" मी मान हलवली. आत्याने उठून चित्र खिळ्यावरून काढलं, भिंतीकडे तोंड करून खाली ठेवलं, आणि आत जाऊन ट्रंक ओढायला लागली. तिने एवढंच केलं.

पण बाकीचे बसून राहिले. एकदा खोटं दाखवलेलं, आता खरं कशावरून. वर जाऊन बघायला तर कुणीच तयार नाही, राई बंद. मग मीच म्हटलं, मी जाते.

आकाश राईच्या हद्दीवरच्या शेंदराच्या दगडापर्यंत आला आणि थांबला. "ताई, मला न्हाई जमायचं ह्याच्या पुढं. घरी आई हाय, म्हसरं हाईत, देवीचा कोप नगं." मी एकटी गेले. निम्मी वाट चार पायांवर गेले, खरं तेच लिहिते. रेघ चित्रात होती तशीच होती. वर गवत, खाली गवत, मध्ये लाल मातीची फट, दिसेल तिथवर. हात घातला तो खांद्यापर्यंत गेला आणि बोटांना तळ लागला नाही. आतून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. दहापैकी किती, मला नाही माहीत.

खाली आले तेव्हा खांद्यापर्यंतचा लाल हात सगळ्यांनी बघितला. बायका भांडी आवरायला उठल्या. आबा जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "चपला काढल्या हुत्यास का वर?"

"नाही आबा. लक्षातच नाही राहिलं."

"निजत्या वक्ताला गेलीस, त्यात चपला." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आसू दे. तिसऱ्या दिसाच्या आत करावं लागतं, ते माजं मी बगतो. तू भिऊ नगं."

म्हातारा माणूस किती मायेने बोलला. शाळेत देवीचा टाक मांडून नारळ फोडतील, मी आणून देईन.

१९ जुलै

सगळे त्रेचाळीस जण शाळेत. गुरं आकाशच्या आईच्या आवारात आणि बाजूच्या पडवीत. पोरं बाकांवर उड्या मारतायत, मोठी माणसं दारात पाऊस बघत बसलीयेत. पाऊस थांबत नाही.

आज भीती वेगळीच. तो पडला नाही तर? महिनाभर काहीच झालं नाही, लावणी गेली, तर हे लोक माझ्याकडे कसे बघतील? काही वेळ, अगदी थोडा वेळ, मला तो पडावा असं वाटलं. लिहून ठेवते, कारण यानंतर या वहीत काही पुसायचं नाही.

२० जुलै, रविवार, दुपार

आबा कुठे दिसत नाहीत हे सकाळी नऊला कळलं. पिशवी नाही, इरलं नाही. आत्या म्हणाली, "नारळ सोलत हुते काल. मला वाटलं हितल्या मारुतीला." तिसरा दिवस. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडायला माझ्याइतका वेळ कुणालाच लागला नसता.

आकाशच्या मोटरसायकलवर ओढ्याच्या पुलापर्यंत गेलो. पुढे आता पाणी चढलं होतं. तिथून वाट दिसते. आबा वर चढत होते, पाठीवर इरलं, हातात काठी, अनवाणी असणार. मी ओरडले. मी आयुष्यात इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते. त्यांना ऐकू गेलं, ते वळले आणि त्यांनी नेहमीसारखी काठी वर केली, लांबून हाक मारली की करतात तशी. मग परत चढायला लागले. राईपाशी धुकं होतं. ते त्यात शिरले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. आकाश म्हणतो दहा मिनिटं. मग आवाज झाला. आत्या बरोबर म्हणाली होती, जड पेटी ओढल्यासारखाच, फक्त तो थांबला नाही.

धुकं वर गेलं तेव्हा वाट नव्हती. राई नव्हती. अकरा घरांपैकी खालच्या अंगाची दोन होती.

२९ जुलै

शोध थांबवला. इरल्याच्या कामट्या सापडल्या, आबा नाही.

लोक माझे हात हातात घेतात. त्रेचाळीसातली बेचाळीस माणसं तू वाचवलीस म्हणतात. एक बाई तर पाया पडायला वाकली, मी सरकले. मी चार तारखेला दहा मिनिटं दिली असती तर दोन आठवडे आधी सगळे खाली आले असते, राईत कुणाला जावं लागलं नसतं, चपला काढायचा प्रश्न आला नसता. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. आत्याला दाखवावं लागत नाही.

५ ऑगस्ट

सरांचा फोन. आवाज वेगळा होता, बिचारे चाचरत होते. म्हणाले, मालकांना सगळं कळलंय, दुसरा डोंगर घ्यायचा तर घे, निदान तो माणूस तरी काढ, बघवणार नाही. आबांना काढायला एक ओळ पुरते. मी ती ओळ लिहिली आणि तशीच बघत बसले.

आत्या शाळेच्या व्हरांड्यात तांदूळ निवडत होती. तिला विचारलं. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "आता काय पुसू नगं."

ती ओळ खोडली. मग जूनची मापं आहेत तशी घेतली, काही गुळगुळीत न करता, आणि प्रोग्रॅम चालवला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

उद्या उद्घाटन, म्हणून आजच आत्याला घेऊन हॉटेलात गेले. अठ्ठावीस फुटी भिंत. लॉबीत फिनाईलचा वास, दोन पोरं फुगे बांधत होती. आत्या नव्या चपला दाराशी काढून आत आली, पहारेकरी म्हणाला काढायची गरज नाही, तिने ऐकलं नाही.

राईखाली रेघ आहे. या ओढ्यापासून त्या ओढ्यापर्यंत, कुऱ्हाडीचे घाव. खाली अकरा घरं, आत्याने बोटाने मोजली. आबा वाटेला लागले. चढत चढत रेघ ओलांडली, राईपाशी गेले, आणि मी सोडलेल्या कोऱ्या कागदात शिरले. आत्याने पदर तोंडाला लावला.

बाई विचारतील आजची भीती काय. ही आहे. चार मिनिटं होतात आणि आबा परत खाली वाटेवर येतात, काठी टेकत, इरलं घेऊन. सगळं परत घडायचं असतं. दर वेळी माझ्या घशात हाक येते, दर वेळी मला वाटतं की या खेपेला तरी ते वळून मागे येतील. मी असं काही लिहिलेलंच नाही त्या प्रोग्रॅममध्ये. त्याला फक्त वर जाता येतं.